थरांचे शूटर आणि कॉकटेल शॉट : प्रमाणं, पद्धत आणि नेमकं कुठे बिघडतं

मोजूनमापून

शूटर म्हणजे एक-दोन घोटांत संपणारं छोटं कॉकटेल. एकूण माप ३० ते ६० मिली. मोठ्या ग्लासात एखादं प्रमाण थोडं चुकलं तरी बर्फ आणि सोडा ते सांभाळून घेतात. शूटरमध्ये तशी सोय नाही. ५ मिली लिंबाचा रस जास्त पडला की सगळा शॉट आंबट. म्हणून यात अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही, मोजावंच लागतं.

प्रकार ढोबळमानाने तीन : थरांचे (बी-५२, बेबी गिनेस), बर्फात हलवून गाळलेले (कामिकाझे, लेमन ड्रॉप) आणि गोठवलेले म्हणजे जेली शॉट. सर्वात जास्त प्रश्न थरांबद्दल येतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

थर हातचलाखीने उभे राहत नाहीत, वजनाने राहतात. साखर द्रवाला जड करते, अल्कोहोल हलकं करतं. पाण्याची घनता १ धरली तर ४०% व्होडका साधारण ०.९५, ग्रँड मार्निए (संत्र्याच्या चवीचं लिक्युअर, म्हणजे गोड मद्य) १.०३, आयरिश क्रीम (व्हिस्की आणि क्रीमचं लिक्युअर) १.०५, सांबुका (बडीशेपेच्या चवीचं लिक्युअर) १.०८, कॉफी लिक्युअर १.१४ च्या आसपास आणि ग्रेनेडिन (डाळिंबाचं लाल सिरप) त्याहून जड. जड खाली, हलकं वर. दोन थरांत ०.०२ चा फरक असला तरी थर राहतो, पण ओतताना घाई चालत नाही. फरक ०.०५ च्या पुढे गेला की नवख्या हातालाही जमतं.

बी-५२ हे याचं सरळ उदाहरण. खाली कॉफी लिक्युअर, मध्ये आयरिश क्रीम, वर ग्रँड मार्निए. अधिकृत प्रमाण प्रत्येकी २० मिली, म्हणजे एकूण ६०. तुमचा ग्लास काठोकाठ ६० मिलीचा असेल तर प्रत्येकी १५ घ्या, नाहीतर वरचा थर उचलतानाच सांडेल.

ओतण्याची पद्धत :
कॉफी लिक्युअर ग्लासच्या मधोमध ओता, काचेवर ओघळ येऊ देऊ नका. तो तपकिरी ओघळ शेवटपर्यंत दिसत राहतो आणि वरच्या दोन्ही थरांची कड घाण करतो. मग चमचा उपडा धरून त्याचं टोक काचेच्या आतल्या बाजूला, खालच्या थराच्या अगदी जवळ टेकवा. बुडवू नका. क्रीम चमच्याच्या पाठीवर दोऱ्यासारख्या बारीक धारेने सोडा. पातळी वर येईल तसा चमचाही वर घ्या. १५ मिलीला किमान १५ सेकंद द्या. पुढच्या थरासाठी चमचा धुऊन, पुसून घ्या.

---

तिसरा थर

छान धागा. एक अडचण विचारते. ग्रँड मार्निएऐवजी अमारेटो (बदामी चवीचं लिक्युअर) वापरलं तर तिसरा थर वर राहतच नाही, क्रीममधून खाली जातो आणि मधला भाग ढगाळ होतो. चमचा, धार, सगळं वर लिहिल्याप्रमाणेच होतं. चूक कुठे होते आहे?

---

मोजूनमापून

@तिसरा थर, हाताची चूक नाही. अमारेटो साधारण २८% आणि भरपूर गोड असतं. घनता १.०८ ते १.१०, म्हणजे आयरिश क्रीमपेक्षा जड. ते बुडणारच, कितीही हळू ओता.

दोन मार्ग आहेत. एक, क्रम बदला : कॉफी, अमारेटो, वर क्रीम. हा थर पक्का बसतो आणि चवही चांगली लागते. दुसरा, अमारेटो वरच हवं असेल तर ते हलकं करा. अमारेटो आणि व्होडका निम्मंनिम्मं मिसळलं की घनता १.०२ च्या आसपास येते आणि क्रीमवर तरंगतं. मात्र त्या थराचं अल्कोहोल २८ वरून ३४% होतं, हे हिशेबात धरा.

---

स्फटिक

वरच्या घनतेच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका, असं सुचवेन. एकाच प्रकारच्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत साखर वेगळी असते. ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचं लिक्युअर) याचं ठळक उदाहरण. काही बाटल्या १५-२०% आणि सिरपसारख्या गोड, तर क्वांत्रो हे त्याच प्रकारचं लिक्युअर ४०%. दोघांची जागा एकाच शॉटमध्ये वेगवेगळी येऊ शकते.

स्वतः मोजणं सोपं आहे. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि बिनसुईची २० मिलीची सिरिंज एवढंच लागतं. कोरडी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा. सिरिंजमध्ये बुडबुडा न येऊ देता बरोबर २० मिली घ्या, वाटीत सोडा, आकडा २० ने भागा. कॉफी लिक्युअर २२.८ ग्रॅम भरलं तर घनता १.१४. आयरिश क्रीम साधारण २१, व्होडका १९. प्रत्येक बाटलीच्या बुडाला चिकटपट्टीवर आकडा लिहून ठेवला की पुढे कुठल्याही तक्त्याची गरज नाही. आकडे उतरत्या क्रमाने लावा, तोच ओतण्याचा क्रम.

मोजताना सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला असाव्यात, आणि ओततानाही. द्रव गार झाला की जड होतो. १५ अंशांच्या फरकाने ४०% च्या मद्याची घनता सुमारे ०.०१ ने बदलते. आकडा किरकोळ वाटतो, पण क्रीम आणि ग्रँड मार्निएमधलं अंतरच मुळात ०.०२ आहे. क्रीम बाहेर राहिलेलं आणि ग्रँड मार्निए फ्रिजमधून काढलेलं असेल तर निम्मं अंतर तिथेच गेलं. उलट असेल, म्हणजे क्रीम गार आणि वरचं साध्या तापमानाचं, तर ते आपल्या फायद्याचं. क्रीम गार असलं की घट्टही असतं, त्यामुळे थराची कड रेघेसारखी दिसते.

---

कोरडा ग्लास

दोन गोष्टींची भर.

ग्लास कोरडा हवा. तळाशी राहिलेलं अर्धा चमचा पाणी खालच्या थराची घनता पाडतं. सांबुका असेल तर आणखी एक : त्यातलं बडीशेपेच्या चवीचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळलेलं असतं, पाणी मिळालं की ते सुटं होतं आणि स्वच्छ सांबुका दुधाळ होतो. फ्रिजरमधून काढलेल्या ग्लासात आतून दव धरतं, तेही पाणीच. थरांच्या शॉटसाठी बाटल्या गार करा, ग्लास नको.

दुसरं, ग्लासच्या आकाराबद्दल. बहुतेक शॉट ग्लास तळाशी अरुंद आणि वर रुंद असतात. त्यामुळे प्रत्येकी १५ मिली मोजून ओतलं तरी खालचा थर जाड आणि वरचा पातळ दिसतो. डोळ्यांना समान हवे असतील तर खाली १२, मध्ये १५, वर १८ असं करून बघा. ग्लास किती पसरट आहे त्यावर हे थोडं बदलेल. एकदा साध्या पाण्याने मापं घेऊन काचेवर पेनाने खुणा करा, म्हणजे महागडं लिक्युअर वाया जात नाही.

---

निवांत संध्याकाळ

चमच्याऐवजी सिरिंज जास्त सोपी नाही का? आधी हलकं ओतायचं आणि जड द्रव सिरिंजने तळाशी सोडायचा.

---

स्फटिक

चालतं, आणि तळाच्या थरासाठी तर चमच्यापेक्षा सरस. सिरिंजला काडीएवढी बारीक नळी जोडा, टोक तळाला टेकवा आणि हळू दाबा. वरचा द्रव अलगद उचलला जातो. काचेवर ओघळ येण्याचा प्रश्नच नाही. काळजी एवढीच की नळी बाहेर काढताना दांडी दाबलेलीच ठेवा. सैल सोडली तर वरचा थर नळीत ओढला जातो आणि काढताना मधोमध एक शेपूट राहतं. क्रीमसाठी मात्र चमचाच बरा. क्रीम घट्ट असतं, नळीतून धक्क्याने बाहेर पडतं आणि थर ढवळला जातो.

---

मोजूनमापून

बेबी गिनेसही इथेच नोंदवून ठेवतो, कारण शिकायला तो सगळ्यात चांगला. कॉफी लिक्युअर ३ भाग, आयरिश क्रीम १ भाग. ४० मिलीच्या शॉटसाठी ३० आणि १०. घनतेत मोठा फरक असल्यामुळे थर सहज बसतो. बिघडतो तो क्रीम जास्त पडल्यामुळे. वरचा पांढरा पट्टा बोटाच्या नखाएवढाच हवा, तरच ते बिअरच्या फेसासारखं दिसतं.

स्लिपरी निपल म्हणजे खाली सांबुका, वर आयरिश क्रीम. घनतेतलं अंतर साधारण ०.०३, म्हणजे हात थोडा सावकाश लागेल.

---

तिसरा थर

धन्यवाद, अमारेटो मध्ये घेऊन थर अगदी स्वच्छ बसला. आता पुढचा प्रश्न. तळाशी ग्रेनेडिन आणि त्यावर थेट आयरिश क्रीम घेतलं तर मधल्या रेषेवर बारीक कण का दिसतात? क्रीम खराब झालं आहे का? तारखेत आहे.

---

कोरडा ग्लास

क्रीम चांगलं आहे. बऱ्याच बाटलीबंद ग्रेनेडिनमध्ये सायट्रिक आम्ल असतं. दुधातलं केसिन हे प्रथिन ४.६ पीएचच्या आसपास एकत्र गोळा होतं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तीच ही क्रिया. रेषेवर आम्ल आणि क्रीम भेटतात, म्हणून कण फक्त तिथेच.

यावरून सरळ नियम : आयरिश क्रीमच्या शेजारी लिंबू, संत्र्याचा रस, आंबट सिरप ठेवू नका. मध्ये एखादा बिनआंबट थर घाला, उदाहरणार्थ अमारेटो. ग्रेनेडिन, अमारेटो, क्रीम हा क्रम घनतेलाही जुळतो.

सिमेंट मिक्सर नावाचा शॉट मुद्दाम याच क्रियेवर बेतलेला आहे. क्रीम तोंडात धरून त्यावर लिंबाचा रस घेतात आणि तोंडातच गुठळ्या होतात. माझं स्पष्ट मत : चांगल्या क्रीमची ती नासाडी आहे, आणि तोंडात अचानक चोथा तयार झाला की ठसका लागतो. कुणाला करायला लावू नये.

---

गारवा

थरांबद्दल उत्तम चर्चा झाली, पण चवीचा विचार केला तर हलवून गाळलेले शॉट जास्त दाद देण्याजोगे. थर कितीही सुबक असले तरी जिभेवर आधी एक चव, मग दुसरी. कामिकाझेमध्ये सगळं एकजीव असतं.

कामिकाझेचं अधिकृत प्रमाण व्होडका, ट्रिपल सेक, लिंबाचा रस प्रत्येकी ३० मिली. हे मोठ्या ग्लासासाठी आहे. शॉटसाठी मी २ : १ : ०.७५ सुचवेन, म्हणजे व्होडका २०, क्वांत्रो १०, लिंबाचा रस ७.५ आणि साखर-पाण्याचा समप्रमाण सिरप २.५ मिली. एकेक शॉट हलवण्यात अर्थ नाही, एवढ्याशा द्रवाचं बर्फात पाणी होतं. किमान तीन-चार शॉट एकत्र करा. शेकर दोन तृतीयांश बर्फाने भरा. बर्फ मोठा, कोरडा, फ्रिजरमधून नुकता काढलेला. १०-१२ सेकंद जोरात हलवा. शेकर हाताला चिकटेल इतका गार झाला की थांबा. या वेळात मिश्रणात साधारण पाव हिस्सा पाणी वाढतं, आणि ते हवंच असतं. ते नसेल तर घसा जळतो.

बाहेर ठेवून वितळू लागलेला बर्फ घेतला तर गार होण्याआधीच पाणी जास्त शिरतं. पुष्कळ लोक "शॉट पचपचीत झाला" म्हणतात त्याचं कारण हेच, व्होडकाचा दोष नाही.

गाळताना बारीक गाळणीही धरा. लिंबाचा गर आणि बर्फाचे कण शॉटमध्ये जाणवतात.

---

निवांत संध्याकाळ

दहा-बारा जणांसाठी करायचं तर आधी करून फ्रिजरमध्ये ठेवता येईल का?

---

गारवा

येईल, फक्त पाणी आपण घालायचं, कारण बर्फ येणार नाही. दहा शॉटचं माप :

व्होडका २०० मिली, क्वांत्रो १००, लिंबाचा रस ७५, समप्रमाण सिरप २५, पाणी १००. एकूण ५०० मिली, प्रत्येकी ५० चा शॉट.

याचं अल्कोहोल सुमारे २४% येतं. व्होडका घरच्या फ्रिजरमध्ये द्रव राहते, हे मिश्रण राहणार नाही. उणे १८ अंशांवर रात्रभर ठेवलं तर सकाळी बर्फाचा चुरा मिळेल. फ्रिजमध्ये चार तास ठेवा आणि वाढण्याआधी तासभर फ्रिजरमध्ये. बाटली काठोकाठ भरू नका. लिंबाचा रस त्याच दिवशी काढलेला हवा. आदल्या दिवशी तयारी करायची तर रस सोडून बाकी सगळं मिसळून ठेवा.

इथे ग्लासही गार केलेले चालतात, थरांचा प्रश्न नाही. लेमन ड्रॉपसाठी ग्लासच्या कडेला साखर लावायची असेल तर ती आधी लावून मग ग्लास गार करा. दव धरलेल्या काचेवर साखर ओघळते. साखर बाहेरच्या कडेलाच आणि अर्ध्या गोलालाच लावा, म्हणजे ती शॉटमध्ये पडत नाही आणि नको असणाऱ्याला दुसरी बाजू मोकळी मिळते.

---

खडीसाखर

जेली शॉटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जिलेटिनचं माप, ५०० मिलीसाठी : फळांचा रस २५० मिली, सिरप १००, व्होडका १५०, जिलेटिन पावडर १४ ग्रॅम. पाकिटावर साध्या जेलीसाठी जे प्रमाण दिलेलं असतं त्याच्या जवळपास दुप्पट हे आहे, कारण अल्कोहोलमुळे जेली मऊ पडते आणि कपातून अखंड निघायला ती टणक लागते. जिलेटिन १०० मिली गार रसावर भुरभुरवा, १० मिनिटं फुगू द्या. सगळं एकदम टाकलं तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडे गोळे होतात, ते नंतर कशानेच विरघळत नाहीत. मग मंद आचेवर विरघळवा, उकळू नका. आच बंद करून उरलेला रस, सिरप आणि शेवटी व्होडका. गॅसवर असताना व्होडका घालू नका : अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, वाफ पेट घेऊ शकते. ३० मिलीच्या कपांत भरा, फ्रिजमध्ये चार तास.

ताजं अननस, पपई, किवी वापरलं तर जेली बसतच नाही. त्यांतली विकरं जिलेटिनचं प्रथिन तोडतात. रस आधी उकळून घ्या किंवा डबाबंद वापरा, उष्णतेने विकर निकामी होतं.

---

तिसरा थर

शाकाहारी मंडळींसाठी काय?

---

खडीसाखर

आगर-आगर. ५०० मिलीला ४ ते ५ ग्रॅम पावडर. पद्धत मात्र पूर्ण वेगळी. आगर नुसतं गरम करून भागत नाही, मद्य सोडून उरलेल्या ३५० मिलीत घालून दोन मिनिटं खळखळून उकळावं लागतं. लिंबाचा रस उकळीत घालू नका, आम्लात उकळलं की आगरची पकड कमी होते. आच बंद झाल्यावर घाला.

सगळ्यात जास्त चूक पुढे होते : फ्रिजमधली गार व्होडका त्यात ओतली जाते. आगर ३५ ते ४० अंशांवरच घट्ट होऊ लागतं, त्यामुळे व्होडका पडते तिथे लगेच कण धरतात आणि जेली रवाळ होते. व्होडका साध्या तापमानाची हवी, धार बारीक हवी, ढवळणं चालू हवं, आणि कप आधीच मांडून ठेवलेले हवेत.

आगरची जेली लवचीक नसते, चावली की तुटते. दुसऱ्या दिवशी तिला पाणी सुटतं, म्हणून त्याच दिवशी संपवा. अननस-पपईचा मात्र तिला काही त्रास नाही.

---

स्फटिक

पेटवलेल्या शॉटबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच. बी-५२ वर जास्त कडक रम घालून पेटवतात. घरात करू नये असंच माझं ठाम मत. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, विझली समजून हात किंवा ओठ लावले जातात. ग्लासची कड द्रवापेक्षा जास्त तापते आणि काच तडकू शकते. सर्वात भयंकर अपघात होतो तो पेटत्या ग्लासात बाटलीतून आणखी मद्य ओतताना : ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून झोतासारखी समोरच्या माणसावर येते. बार्टेंडर पेटवत असेल तर बाटली बंद आणि दूर आहे का ते पाहा. फुंकून विझवू नका, जळता द्रव उडतो. वर बशी झाकली की हवा तुटते आणि ज्योत विझते. आणि पेटता शॉट स्ट्रॉने कधीच पिऊ नका.

---

निवांत संध्याकाळ

एका शॉटमध्ये खरं अल्कोहोल किती, हे कसं काढायचं? पाहुण्यांना सांगता आलं पाहिजे.

---

मोजूनमापून

मिली गुणिले टक्के, मग ०.७८९ ने गुणलं की ग्रॅम. प्रत्येकी १५ मिलीचा बी-५२ घ्या : कॉफी लिक्युअर २०% चं असेल तर ३ मिली, आयरिश क्रीम १७% चं २.५५, ग्रँड मार्निए ४०% चं ६. बेरीज ११.५५ मिली, म्हणजे ९ ग्रॅम. वर गारवा यांनी दिलेल्या कामिकाझेमध्ये १२ मिली, म्हणजे साडेनऊ ग्रॅम. तोच कामिकाझे प्रत्येकी ३० मिलीच्या अधिकृत मापाने केला आणि क्वांत्रो वापरलं तर १९ ग्रॅम, थेट दुप्पट. खडीसाखर यांच्या ३० मिलीच्या जेलीत ३ ग्रॅमपेक्षा किंचित कमी.

साधारण प्रौढ माणसाचं शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे वरच्या मापाचा एक शॉट, एक तास. शॉट दोन सेकंदांत संपतो पण त्याचा पूर्ण परिणाम जाणवायला अर्धा-पाऊण तास लागतो, पोट भरलेलं असेल तर अधिक. "अजून काहीच झालं नाही" म्हणून दहा मिनिटांत दुसरा आणि तिसरा घेतला की तिन्ही एकदम चढतात. जेलीचं तर आणखी फसवं, खाऊसारखी उचलली जाते. ट्रेमध्ये मोजून ठेवा आणि रिकामे कप उचलू नका, आकडा डोळ्यांसमोर राहतो. एनर्जी ड्रिंकमध्ये टाकून घेतलेल्या शॉटने झोप उडते, नशा तेवढीच राहते. गाडी चालवणाऱ्याला यातला एकही नको.

---

तिसरा थर

गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी तसाच थरांचा शॉट करता येईल का? तिथे अल्कोहोल नाही, मग वरचा थर हलका कसा होणार?

---

स्फटिक

फक्त साखरेवर खेळायचं. तळाशी ग्रेनेडिन १५ मिली, मध्ये बारीक गाळणीतून गाळलेला संत्र्याचा रस १५ मिली, त्याची घनता साधारण १.०४५, आणि वर बिनसाखरेचा गार काळा किंवा जास्वंदीचा चहा १५ मिली, तो १ च्या जवळ. संत्र्याचा गर राहिला तर तो वरच्या थरात तरंगत जातो, म्हणून दोनदा गाळा. सोडा वर घेऊ नका, बुडबुडे थर ढवळून टाकतात.

अल्कोहोल नसल्यामुळे हे द्रव पातळ आणि चपळ असतात, एकमेकांत लवकर मिसळतात. दहा मिनिटांत रेषा पुसट होऊ लागते. वाढायच्या आधीच ओता, आणि ट्रे उचलण्यापेक्षा ग्लास जिथे ठेवणार तिथेच भरा.